प्रवाह उघडावा तो गरजेच्या वेळीच
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कचेरीतील अभिलेखकक्ष आपण सर्वांनी पाहिला आहे. अर्जदाराला नक्कल हवी असेल, तर अभिलेखपाल तेवढाच रुमाल सोडतो, नक्कल करून देतो आणि रुमाल पुन्हा बांधून जागेवर ठेवतो. दिवसभरात लागतील म्हणून सकाळीच सगळे रुमाल सोडून ठेवले, तर टेबलावर जागा उरणार नाही आणि कामही होणार नाही. सर्व्हरसाठी आज्ञावली लिहिताना नेमके हेच भान ठेवावे लागते.

अनेकांच्या मागण्या एकाच वेळी स्वीकारून त्यांना उत्तर देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. मोठी फाईल तो एकदम वाचत नाही. तीतील मजकूर थोडा थोडा वाहत येतो. यालाच स्ट्रीम, म्हणजे प्रवाह, म्हणतात. उघडलेल्या प्रत्येक फाईलसाठी संगणक एक क्रमांक राखून ठेवतो. लिनक्स प्रणालीत एका चालू आज्ञावलीला असे क्रमांक मूळ मांडणीत बहुधा १०२४ च मिळतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, दाराशी आलेल्या प्रत्येक नागरिकाची जोडणीही यांतलाच एक क्रमांक घेते.

आता असे समजा की, २,००० प्रमाणपत्रे एका झिप गठ्ठ्यात बांधून द्यावयाची आहेत. आज्ञावलीकाराने यादी केली आणि प्रत्येक फाईलचा प्रवाह लागलीच तयार केला. नोड जेएसमध्ये वाचनप्रवाह तयार होताच फाईल उघडली जाते, मग वाचन केव्हाही सुरू होवो. गठ्ठा बांधणारा भाग मात्र एका वेळी एकच फाईल घेतो. परिणामी पहिले प्रमाणपत्र बांधले जात असतानाच क्रमांक संपू शकतात; तसे झाले तर काम त्रुटीने थांबते आणि नव्या नागरिकांनाही आत घेता येत नाही. मर्यादा वाढविता येते, हे खरे. पण मागणी वाढताच तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

यावर उपाय साधा आहे. यादीत फक्त फाईलचे नाव व ठिकाण ठेवावे, पाळी आली की फाईल उघडावी, वाचून होताच मिटावी. नोड जेएससाठी लेझीस्ट्रीम नावाचा तयार भाग हेच करतो. त्रुटी आली किंवा नागरिकाने मध्येच जोडणी तोडली, तरी फाईल मिटलीच पाहिजे. डेटाबेसलाही हाच नियम लागू पडतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या मूळ मांडणीत एकूण जोडण्या १०० असतात. दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत जोडणी अडवून ठेवणे म्हणजे इतरांची वाट अडविणे होय.

या पद्धतीला एक पथ्य आहे. फाईल उशिरा उघडल्याने ती जागेवर नाही, हेही उशिराच कळते. तोवर ‘काम यशस्वी’ असा संकेत नागरिकाकडे गेलेला असतो आणि तो परत घेता येत नाही. म्हणून सर्व फायली आहेत की नाहीत, याची खात्री त्या न उघडता आधीच करून घ्यावी. तरीही मध्ये अडचण आली, तर गठ्ठा तेथेच थांबवून तसे स्पष्ट कळवावे. अपुरा गठ्ठा पुरा म्हणून देणे हे काम बंद पडण्याहूनही वाईट.

आपण आज्ञावली लिहीत नसाल; परंतु ती स्वीकारण्याच्या कागदावर सही आपलीच असते. तेव्हा पाचदहा फायलींवर झालेल्या चाचणीवर समाधान मानू नये. दोन हजार फायली, मंद जोडणी आणि एकाच वेळी आलेले अनेक अर्जदार, अशी चाचणी समोर करून दाखविण्यास सांगावे. एकाच वेळी किती फायली उघड्या राहतात आणि त्रुटी आल्यास त्या कोण मिटवितो, हे अवश्य विचारावे. कारण प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी सर्व्हर थांबला, तर दाखल्यावाचून परत जाणारा विद्यार्थी आपल्याच गावचा असतो.