थोडक्या पैशांत घरचे ध्वनिमुद्रण



आज मी आपल्याशी संगणकाविषयी बोलणार आहे. पण सुरुवात जात्यापासून करतो. पहाटे जाते फिरायचे आणि त्याबरोबर ओवी यायची, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी अंथरुणात पडून ऐकलेले आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही हळूहळू मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढे मोठे काम हे! परंतु तुमच्या आजीची ओवी त्यांत असेलच असे नाही. ती तुम्हालाच जपून ठेवली पाहिजे.

माझ्या आत्याला शेकडो ओव्या पाठ होत्या. त्या मुद्रित करायच्या म्हणून मी कर्ज काढून एक भारी संगणक आणला. सगळे पैसे त्यातच गेले, म्हणून मायक्रोफोन वेगळा घेतला नाही. संगणकातच आहे की, म्हटले! आत्या दीड तास गायली. रात्री ऐकायला बसलो, तो पुढे संगणकाच्या पंख्याची घरघर, मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, आणि या दोहोंच्या पलीकडे कुठेतरी आत्या! पुन्हा करू म्हणता म्हणता पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात आत्या गेली. आज माझ्याजवळ दीड तासाची घरघर आहे.

तेव्हा आजचे माझे सांगणे एवढेच : पैसे थोडे असले तर ते एकट्या संगणकावर उधळू नका. आवाज पकडतो तो मायक्रोफोन. संगणक तो फक्त साठवतो.

किमती गावोगाव निरनिराळ्या, म्हणून मी रुपयाच्या आण्यांचा हिशेब देतो. सोळा आण्यांपैकी सात आणे संगणकाला. तीन आणे मायक्रोफोन, त्याची तार आणि घोडी यांना. तीन आणे ऑडिओ इंटरफेस नावाच्या लहानशा पेटीला. एक आणा हेडफोनला. उरलेले दोन आणे दुसऱ्या डिस्कला. ते का, ते शेवटी सांगतो.

आता संगणक कोणता घ्यावा? नवा घेण्याची गरज नाही. कचेऱ्यांतून उतरवलेले संगणक शहरातल्या दुकानांत पुष्कळ स्वस्त मिळतात. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि जे जुने संगणक पुढची प्रणाली अधिकृतपणे घेत नाहीत त्यांची किंमत उतरली. यंत्र मात्र धडधाकट असते. त्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी प्रणाली घालता येते. घेताना तीन गोष्टी पाहा : चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे ती आवाज करीत नाही आणि कामही झपाट्याने करते. शक्य तर मांडीवरचा, म्हणजे लॅपटॉप घ्या. का, तर मुद्रणाच्या वेळी चार्जर काढून तो बॅटरीवर चालवता येतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. घराचे अर्थिंग बरोबर नसले की तिची गुणगुण तारेतून मुद्रणात शिरते. बॅटरीवर चालवले तर बहुधा ती नाहीशी होते आणि मधेच वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र जुनी बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच चालवून पाहा.

ऑडिओ इंटरफेस कशाला, असे आपण विचाराल. मायक्रोफोनकडून येणारा विजेचा प्रवाह फार क्षीण असतो. ही पेटी तो वाढवते आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करून यूएसबीच्या तारेने संगणकाकडे पाठवते. सीडीच्या प्रमाणाने एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापे घेतली जातात. एकाच मायक्रोफोनने तासभर मुद्रण केले तर सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे २५६ जीबीची एसएसडी निम्मी रिकामी ठेवली, तरी साडेतीनशेहून अधिक तासांचे गाणे तिच्यात मावते! पेटी घेताना ती आपल्या प्रणालीवर चालते ना, एवढे विचारून घ्या.

मायक्रोफोन दोन जातींचे. कंडेन्सर मायक्रोफोन फार तिखट कानाचा; त्याला पेटीतून ४८ व्होल्ट वीज पुरवावी लागते आणि तो शेजारच्या गोठ्यातली घंटासुद्धा ऐकतो. डायनॅमिक मायक्रोफोनला ती वीज लागत नाही, आणि जवळचा आवाज घेऊन दूरचा तो बराचसा सोडून देतो. आपल्या घरांना हा दुसराच बरा. गाणाऱ्याच्या तोंडापासून तो वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे श्वासाचा फुंकर त्यावर आदळत नाही.

खोली कोणती? रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. धान्याची पोती, गोधड्यांची चळत, कपड्यांच्या वळण्या जिथे असतील ती खोली उत्तम; त्यासाठी पैसाही पडत नाही. पंखा बंद, घड्याळ बाहेर, संगणक शक्य तितका लांब. मग हेडफोन कानाला लावून मिनिटभर नुसते ऐका. घरात किती आवाज असतात ते त्या दिवशी तुम्हाला प्रथमच कळेल.

मुद्रणासाठी ऑडेसिटी नावाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असते. सर्वांत मोठा स्वर उणे १२ च्या आसपास राहील असे बटण फिरवा. शून्याला भिडू देऊ नका. पायली भरून सांडलेले धान्य गोळा करता येते, शून्यापलीकडे सांडलेला स्वर गोळा करता येत नाही.

शाळेत आधी तबला मुद्रित करून त्यावर मुलांना गायला लावायचे असेल, तर एक अडचण येते : गाणाऱ्याला आपला आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो आणि लय बिघडते. संगणक मापांचे गठ्ठे बांधून काम करतो, त्यामुळे हा उशीर होतो. सेकंदाला ४८,००० मापे घेतली, तर २५६ मापांचा गठ्ठा सुमारे ५ मिलिसेकंदांचा होतो. येण्याजाण्याचा उशीर त्याच्या दुपटीहून थोडा अधिक. गठ्ठा लहान केला की उशीर घटतो, पण जुना संगणक दमतो आणि आवाज तुटू लागतो. त्यापेक्षा पेटीवरच गाणाऱ्याचा आवाज परस्पर हेडफोनला देण्याची सोय असते, ती वापरा.

१९०२ साली गौहरजान यांचे गाणे कलकत्त्यात तबकडीवर घेतले गेले, तेव्हा त्यांना कर्ण्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपावे लागले. आपल्याला तशी घाई नाही. म्हणून म्हातारीला घाई करू नका. तिला जात्यावर बसवा, मूठभर दाणे द्या; हात फिरू लागला की विसरलेली ओवी ओठांवर येते. एकदा जात्यासह घ्या आणि एकदा जाते थांबवून घ्या, म्हणजे शब्द स्पष्ट राहतील. आधी तिची परवानगी घ्या, आणि हे कोण कोण ऐकणार तेही तिला सांगा. सुरुवातीला तिचे नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या.

आता ते दोन आणे. डिस्क आज ना उद्या बिघडतेच. त्याच रात्री मूळ मुद्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. मूळ प्रत वेव्ह प्रकारातच राहू द्या. लोकांना पाठवायला एमपी३ची लहान प्रत वेगळी काढा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हा सारा संच शाळेतल्या एका टेबलावर मावतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाने एका आजीला किंवा आजोबांना आणले, तर वर्षाअखेर गावाचा आवाज शाळेच्या कपाटात असेल.

सगळे साहित्य जमेपर्यंत मात्र थांबू नका. जवळ आज नुसता मोबाइल असेल, तर पंखा बंद करून, गोधड्यांच्या खोलीत, तोच वीतभर अंतरावर ठेवा आणि आज रात्रीच एक ओवी घ्या. संगणक पुढच्या वर्षीही मिळेल.