दांडिया बाजार : आपली वस्ती आणि आपले कर्तव्य
(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी समारंभात बडोदे येथे केलेले भाषण)



‘आपली वस्ती’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणिसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. ज्याने दांडिया बाजार सोडून मांजलपुरात बिऱ्हाड केले, त्याने दांडिया बाजाराचे गुण गावेत, हे काही फारसे शोभणारे नाही. परंतु सभोवार नजर टाकली, तर निम्मी अधिक मंडळी आमच्यासारखीच, ‘जरा वाड्यावर जाऊन येतो’ असे घरी सांगून आलेली दिसतात. तेव्हा अपराधी एकटे आम्हीच नाही, एवढ्या धीरावर उभे राहिलो आहोत.

बडोद्याचे मूळ गाव तटाच्या आतले. लेहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट हे त्याचे चार दरवाजे, आणि चारही वाटा मांडवीपाशी मिळतात. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले ते १९४९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. या दोनशे पंधरा वर्षांत सरदार आले, शिलेदार आले, त्यांच्यामागून फडावरचे कारकून, वैद्य, भिक्षुक, आचारी असा सारा दक्षिणी गोतावळा आला. तटाच्या आत एवढी माणसे मावेनात. मग लेहरीपुऱ्याबाहेर, सुरसागराच्या पलीकडे, रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत वाडे उभे राहू लागले.

त्या वाड्यांचे वैभव ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकदा अवश्य पाहावा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चारमजली वाडा. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, मराठे व इंग्रज यांच्या लढाया आहेत आणि गोऱ्या साहेबांची व मडमांची चित्रेही आहेत. आज पुरातत्त्व खात्याने तो सांभाळला आहे. आपले सामान्यांचे वाडे एवढे श्रीमंत नव्हते. पण दिंडी दरवाजा, मधला चौक, तुळशीवृंदावन, ओसरीवरचा झोपाळा आणि वर माडी, ही घडण बहुतेकांची सारखीच. चौक दक्षिणी आणि झोपाळा गुजराती, असे आमचे वडील थट्टेने म्हणत. थट्टा असली तरी तीत आपल्या वस्तीचे सारे लक्षण आले आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले आणि या वस्तीचा नूर पालटला. आजव्याचे मोठे सरोवर बांधून त्यांनी शहराला नळाचे पाणी दिले. १८९० साली कलाभवन निघाले. पुढे चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १८९६ साली सुरसागराच्या काठाजवळ न्यायमंदिराची देखणी इमारत उभी राहिली. १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानात सुरू झाले, आणि १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना झाली. मुलीला शाळेत न धाडल्याबद्दल बापाला दंड होऊ शकतो, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात किती जणांनी ऐकली असेल?

विद्येला आश्रय मिळाला तशी माणसेही येथे नांदली. बाबू अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. ते राहत ते घर आपल्या दांडिया बाजारात आजही आहे आणि तेथे लोक ध्यानाला बसतात. मराठी ते येथेच शिकले. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांचा आखाडाही याच वस्तीत. मल्लखांब, लाठी, लेझीम यांनी त्यांनी कित्येक पिढ्यांची छाती रुंद केली. कवी चंद्रशेखर हे बडोद्याचे राजकवी. मराठी साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर २०१८ साली पुन्हा भरले. १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडतो. आठ भाषा एका पानावर गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे ज्या शहराने दाखविले, त्या शहराचे आपण रहिवासी आहोत.

हे सर्व सांगताना आमचा ऊर भरून येतो, हे खरे. परंतु अमृतमहोत्सव म्हणजे केवळ ओवाळून घेण्याचा दिवस नव्हे. घरातला जमाखर्च मांडताना नावेची बाजू झाकून ठेवीत नाहीत.

याच बडोद्याने दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण अमेरिकेस शिकण्यास गेला. करारानुसार १९१७ साली तो नोकरीवर रुजू होण्यास येथे आला. विद्या एवढी मोठी, पण या शहरात त्याला राहावयास एक खोली मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहात नाव लपवून तो राहिला. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्याने अश्रू ढाळले आणि बडोदे सोडले. तो तरुण म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. मराठी बोलणारा तो माणूस; आणि चौक, माडी, रिकाम्या खोल्या असलेली मराठी घरे या शहरात तेव्हा शेकड्यांनी होती. महाराजांनी दार उघडले होते. दिंडीला आतून कडी घातली होती ती आपण, म्हणजे आपल्या वस्त्यांनी. ही गोष्ट आमच्या लहानपणी वाड्यात कोणी आम्हांस सांगितली नाही. पुस्तकात वाचली तेव्हा प्रथम विश्वासच बसला नाही, आणि मग पुष्कळ दिवस ती मनातून गेली नाही.

पुढे १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. फडावरच्या नोकऱ्या गेल्या. ‘आता पुण्यास जावे काय?’ ही चर्चा घरोघर ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चाले, असे आमची आई सांगे. काही गेले, बहुतेक राहिले. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, तेव्हाही राहिले. राहण्याचे कारण कोणी भाषणात सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. शेजारच्या बा आजारात रात्रभर उशाशी बसत. त्यांच्या मुलीच्या लग्नात पुरणपोळ्या आपल्या चौकात लाटल्या जात. नवरात्रात आपल्या मुली गरबा खेळत आणि भाद्रपदात त्यांची मुले आपल्या गणपतीपुढे आरती म्हणत, तीही न चुकता. अशी माणसे सोडून कोण कोठे जाणार?

नंतर १९६५ साली कोयलीस तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, इतर कारखाने आले, मुलांना नोकऱ्या लागल्या आणि त्याबरोबर दूरच्या सोसायट्यांतून घरेही झाली. वाड्यात भावाभावांचे आठ-आठ हिस्से, पडवीला गळती, मोटार लावण्यास जागा नाही. सोडून गेलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही तर देऊच शकत नाही. २०१८ साली न्यायमंदिरातली न्यायालयेही नव्या इमारतीत गेली, तेथे आमच्यासारख्याची काय कथा! मात्र एक गोष्ट खटकते. आमचा नातू ‘आजोबा, शाकमध्ये मीठ कमी आहे’ असे म्हणतो, त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. त्याला आजोबांचे घर कोठे होते हे दाखवावयास गेलो, तर त्या जागी दुकानांची ओळ होती आणि मला खूण सांगता येईना, याचे वाटते.

आता मूळ मुद्दा. ट्रस्टचा हा वाडा काढून टाकून जागा विकावी आणि रक्कम ठेवीत घालावी, असा एक ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. ठराव मांडणारी मंडळी हिताचेच पाहत आहेत. दुरुस्तीचा खर्च मोठा आहे, मागच्या खोल्या कैक वर्षे कुलूपबंद आहेत, वाचनालयात सायंकाळी चार म्हातारे बसतात आणि त्यांतले एक आम्ही. हे सारे खरे आहे. तरीही आमची नम्र विनंती आहे की, विकण्यापूर्वी त्या मागच्या खोल्यांची कुलपे एकदा काढून पाहावीत.

महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात दरवर्षी बाहेरगावची मुले येतात. खानदेशातून, डांगमधून, सुरतेकडून येणाऱ्या गरीब मुलामुलींना खोली मिळविताना काय सोसावे लागते, हे कोणाही विद्यार्थ्याला विचारा. आडनाव विचारून ‘जागा भरली’ असे सांगणारे आजही भेटतात. आपल्या ट्रस्टच्या नियमांत खोली ‘ज्ञातिबांधवांस’ द्यावी असे लिहिले आहे. ज्या काळी तो नियम झाला त्या काळी तो कदाचित सर्वांना योग्य वाटला असेल. आज तो एक शब्द बदलून ‘गरजू विद्यार्थ्यांस’ असा करावा. जात विचारू नये, भाषाही विचारू नये. खोल्यांची दुरुस्ती करावी, वाचनालय खाली चालू राहावे. खर्चाचा प्रश्न आहेच, म्हणून बोलण्यापूर्वी आमचा वाटा आम्ही खजिनदारांकडे आज सकाळीच भरला आहे. पावती खिशात आहे.

वस्ती म्हणजे विटा आणि लाकूड नव्हे, असे सगळेच म्हणतात. पण परक्या गावी रात्री उतरलेल्या पोराला विटा आणि लाकूडच लागते, आणि आतून कडी काढणारा एक माणूस लागतो. एकशेआठ वर्षांहून अधिक काळापूर्वी या शहरातल्या वस्त्यांकडून जे राहून गेले, त्याची भरपाई होणे नाही. निदान तोच प्रसंग आपल्या दारात पुन्हा घडू नये, एवढे आपल्या हाती आहे.

सर्वसाधारण सभेस अवश्य या. मत कोणतेही द्या, पण वाड्यात येऊन, त्या खोल्या पाहून द्या.