एका सहीची किंमत

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, ती उच्चारताना कोणाला रागही येत नाही. दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या उताऱ्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविणारा मनुष्य ती हसत हसत म्हणतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याचा जातो तो वेळ. परंतु ज्याने सरकारला काही विकले आहे, त्याच्या दृष्टीने या म्हणीत विनोद उरत नाही. त्याने काम पुरे केलेले असते, आपल्या माणसांचे पगार चुकते केलेले असतात, आणि त्याला थांबावे लागते ते स्वतःच्याच पैशासाठी. विक्रेता मोठा असला तर तो थांबू शकतो. लहान असला तर या सहा महिन्यांतच त्याचे दुकान बंद होण्याची वेळ येते.

सरकारने लहान उद्योजकाकडून माल घ्यावा, हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय लघुउद्योग निगमाची स्थापना झाली, ती ज्या हेतूंनी झाली त्यांतील एक प्रमुख हेतू लहान कारखान्यांना सरकारी मागणीचा वाटा मिळवून देणे हा होता. त्याच वर्षी प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार करून आपला अहवाल सादर केला. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान रोपटे आपोआप वाढत नाही, त्याला काही काळ कुंपण घालावे लागते, अशी त्या काळच्या धोरणामागील धारणा होती. पुढे काही वस्तू केवळ लहान उद्योगांकडूनच घ्याव्यात असे ठरले. अशा राखीव वस्तूंची यादी वाढत वाढत ३५८ पर्यंत गेली.

त्या काळी सरकार जे विकत घेत असे ते बहुतेक डोळ्यांना दिसणारे होते. बेळगावच्या ओतशाळेतून निघालेला लोखंडी भाग वजन करून घेता येतो, त्याचे माप नकाशाशी ताडून पाहता येते, आणि तो तडकलेला निघाला तर परत पाठविता येतो. पुरवठादाराला आपले काम कोठे संपले हे ठाऊक असते आणि भांडारपालाला आपण काय स्वीकारले हे ठाऊक असते. पावतीवरची सही ही दोघांमधील निर्विवाद सीमारेषा असते.

आज सरकार जे घेते त्यांतील मोठा भाग असा तराजूत घालता येत नाही. जुन्या दप्तराचे संगणकावर रूपांतर, अर्ज स्वीकारणारी प्रणाली, तिची देखभाल, माहितीची सुरक्षितता या साऱ्या सेवा आहेत. समजा, केंद्र सरकारच्या एखाद्या कचेरीला आपल्या दप्तराची संगणकीय नोंदव्यवस्था हवी आहे, आणि इंदुरातील दहा माणसांची एक लहान संस्था ते काम घेते. संस्था प्रणाली तयार करते. कचेरी म्हणते, अहवालाचा नमुना बदला. तो बदलला जातो. तोवर अधिकाऱ्याची बदली होते, आणि नव्या अधिकाऱ्याला आणखी एक रकाना हवा असतो. काम झाले की नाही? संस्था म्हणते झाले, कचेरी म्हणते जवळजवळ झाले. या ‘जवळजवळ’ शब्दातच लहान उद्योजकाचे सारे संकट साठलेले आहे.

थोडे अंकगणित केले म्हणजे ते स्पष्ट होईल. काम २५ लाख रुपयांचे आहे असे धरू. पाच महिने दहा जणांचा पगार दरमहा ४ लाख रुपये, म्हणजे २० लाख. इतर खर्च २ लाख. शिल्लक राहिला ३ लाखांचा नफा. बिल सहा महिने अडकले आणि खर्चाचे २२ लाख शेकडा १२ दराने कर्जाऊ काढावे लागले, तर १ लाख ३२ हजार रुपये केवळ व्याजात जातात. वर्ष लोटले तर २ लाख ६४ हजार. म्हणजे नफ्याचा जवळजवळ सारा घास सावकार गिळतो, आणि संस्थेने वर्षभर केलेली मेहनत सरकारला बिनव्याजी उसने देण्यापुरती उरते. पुढच्या महिन्याच्या पगाराची सोय कोठून करावी हा प्रश्न निराळाच. यात कोणी अप्रामाणिक असण्याचीही आवश्यकता नाही. एका कागदावरची एक सही राहिली, एवढे पुरते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने २०१२ साली खरेदीचे जे धोरण जाहीर केले, त्यात मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाच्या वस्तू व सेवा यांचा वार्षिक वाटा प्रथम शेकडा २० ठरविला. तो २०१९ पासून शेकडा २५ झाला. त्यात अनुसूचित जातिजमातींच्या उद्योजकांचा ४ आणि स्त्री उद्योजकांचा ३ टक्के वाटा आहे. लहान उद्योजकाचा भाव सर्वांत कमी भावापेक्षा शेकडा १५ पर्यंत जास्त असला आणि तो त्या कमी भावाला येण्यास तयार असला, तर त्याला कामाचा हिस्सा देण्याची तरतूद आहे. निविदेबरोबर भरावयाच्या बयाण्याच्या रकमेतून त्याला सूट आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या सरकारी ई-बाजारपेठेमुळे निविदेची बातमी कळण्यासाठी आता दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत.

तरीही दाराच्या आत शिरल्यावर अडसर आहेतच. बयाण्याची सूट मिळते, परंतु काम मिळाल्यावर द्यावयाची कामगिरीची हमी सर्वांनाच द्यावी लागते. मागील उलाढालीची व पूर्वीच्या अनुभवाची अट नवोदित उद्योगांसाठी शिथिल करता येईल, असे २०१७ चे वित्तीय नियम सांगतात. ‘येईल’ म्हणजे ‘केलीच पाहिजे’ नव्हे, हे कचेरीतला प्रत्येक कारकून जाणतो. शिवाय ‘लहान’ या शब्दाची व्याप्तीही वाढली आहे. १ एप्रिल २०२५ पासून १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग, त्याची गुंतवणूक २५ कोटींच्या आत असल्यास, लघुउद्योग ठरतो. इंदुरातील आपल्या दहा माणसांच्या संस्थेला आता शंभर कोटींच्या ‘लहान’ भावंडाबरोबर एकाच पंक्तीत बसावे लागते.

दुसरा अडसर भावाचा. सर्वांत कमी भाव सांगेल त्याला काम, हा नियम खुर्च्या घेताना पुष्कळ अंशी चालतो. बुद्धीचे काम घेताना तो फसवा ठरू शकतो. अमेरिकेतील एक प्रसंग या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील संघसरकारने नागरिकांना आरोग्यविमा घेता यावा म्हणून संगणकाच्या जाळ्यावर एक केंद्र उघडले. काम मोठमोठ्या कंत्राटदारांकडे होते. पहिल्याच दिवशी ते कोलमडले, आणि त्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पार पडली. मोठे नाव आणि मोठा अनुभव ही यशाची हमी नव्हे, हे त्या सरकारला महागात शिकावे लागले. पुढल्या वर्षी, २०१४ च्या मार्चमध्ये, ‘एटीन एफ’ नावाचे तंत्रज्ञांचे एक सरकारी पथक तेथे उभे राहिले. २०२५ च्या मार्चमध्ये ते बंद करण्यात आले, परंतु त्याने केलेला एक प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे.

तेथील नियमांप्रमाणे ३,५०० डॉलरपर्यंतची लहान खरेदी निविदेच्या लांबलचक सोपस्काराशिवाय करता येत असे. पथकाने २०१५ साली प्रणालीचा एक छोटासा तुकडा निवडला. तो काय करील आणि कोणत्या कसोट्यांना उतरला म्हणजे पुरा झाला असे मानले जाईल, हे आधीच उघडपणे लिहून ठेवले, आणि ३,५०० डॉलरपासून उतरत्या भावाचा लिलाव पुकारला. भाव उतरत उतरत एका डॉलरवर आला! ज्याने तो भाव दिला त्याने काम केले आणि ते कसोट्यांना उतरलेही.

या प्रसंगात दोन धडे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळून चालणार नाही. पहिला धडा सावधगिरीचा. एका डॉलरला काम करणाऱ्याला कीर्ती मिळेल, अनुभव मिळेल. पगार मिळणार नाही. केवळ उतरत्या भावावर विसंबणारे सरकार त्या कामावर पोट भरणाऱ्याला बाजारातून घालवून देते. आपल्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत भावाबरोबर गुणालाही शेकडा ३० पर्यंत वजन देण्याची मुभा दिली, ती याच जाणिवेतून. दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. काम लहान होते आणि ते पुरे केव्हा झाले हे अगोदर लिहिलेले होते. म्हणून ‘जवळजवळ’ या शब्दाला तेथे जागाच राहिली नाही.

आपल्या कायद्याचे सामर्थ्य आणि दुबळेपण हे दोन्ही याच ठिकाणी दिसून येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असो, ४५ दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत असे ठरविले. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार ऐकण्यासाठी राज्योराज्यी परिषदा आहेत, आणि निकालाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी शेकडा ७५ रक्कम भरावी लागते. यापेक्षा कडक कायदा मागावा तरी कोणता? परंतु हे ४५ दिवस मोजावयाचे ते सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून. सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असे मानावे, असेही कायदा म्हणतो. मात्र ओतकामाचा भाग कोणत्या दिवशी पोचला हे सांगता येते, संगणकाची प्रणाली कोणत्या दिवशी ‘पोचली’ हे कोण सांगणार? बिले वटवून आगाऊ पैसे देणाऱ्या ज्या पेढ्या रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने २०१७ पासून सुरू झाल्या, त्याही खरेदीदाराने मान्य केलेलेच बिल वटवितात. सारी वाट पुन्हा त्या एका सहीपाशी येऊन थांबते. आणि ज्याचे एकच मोठे गिऱ्हाईक आहे, तो त्या गिऱ्हाइकावर फिर्याद करण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो.

सही न करणाऱ्या अधिकाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो जनतेचा पैसा खर्च करीत असतो. अपुऱ्या कामाचे पैसे दिले तर लेखापरीक्षक त्याला जाब विचारील. पैसे देण्यास उशीर केला तर सहसा कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत उशीर करणे हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटला, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणता येत नाही. संगणकाच्या कामाची कसोटी कशी लावावी हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि ज्याची पारख नाही त्याच्यावर सही करण्यास शहाणा मनुष्य कचरतोच. म्हणून केवळ उपदेशाने किंवा आणखी एका परिपत्रकाने हे दुखणे बरे होणार नाही.

उपाय कचेरीच्या आवाक्यातला आहे. निविदा लिहितानाच मोठ्या कामाचे लहान लहान टप्पे पाडावेत. प्रत्येक टप्पा कोणत्या कसोटीने पुरा झाला असे समजावयाचे, ती कसोटी कोण लावणार आणि किती दिवसांत लावणार, हे करारातच नमूद करावे. टप्पा उतरला की त्याचे पैसे द्यावेत. नवा रकाना हवा असेल तर तो नव्या टप्प्यात घालावा. संरक्षण खात्याने २०१८ साली सुरू केलेल्या ‘आयडेक्स’ योजनेत नवोदित उद्योगांपुढे आधी नेमका प्रश्न ठेवला जातो आणि अनुदानाची रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जाते. ही रीत साध्या कचेरीच्या साध्या कामालाही लावता येण्याजोगी आहे. यात अधिकाऱ्यालाही संरक्षण आहे, कारण त्याची सही मर्जीवर नव्हे, लिहिलेल्या कसोटीवर झालेली असते. टप्पा लहान असल्याने काम फसले तरी नुकसान लहान राहते, आणि लहान उद्योजकालाही आपल्या ताकदीचा तुकडा उचलता येतो.

शेकडा २५ चा वाटा राखून ठेवणे हे आमंत्रण झाले. पाहुण्याला बोलावून पानावर बसविले आणि वाढपी सहा महिन्यांनी आला, तर त्या आमंत्रणाला अर्थ राहत नाही. इंदूर, वडोदरा, बेळगाव अशा गावांतील तरुणांनी मोठ्या शहराची वाट न धरता आपल्याच गावी चार माणसांना काम द्यावे, अशी अपेक्षा सारेच व्यक्त करतात. ती अपेक्षा खरी व्हावयाची असेल तर महिन्याच्या एक तारखेला त्या चार माणसांच्या हाती पगार पडला पाहिजे. आणि तो पडावयाचा असेल तर दूरच्या एका कचेरीत, टेबलावरच्या एका कागदावर, वेळेवर एक सही झाली पाहिजे.