साधुवनाची वाणी

कुंभकोणमहून पूर्वेकडे मायिलाडुतुरैच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर तिरुविडैमरुदूर लागते. ‘मरुदम’ म्हणजे अर्जुनवृक्ष. उत्तरेस श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस तिरुनेलवेलीकडील तिरुप्पुडैमरुदूर आणि या दोहोंच्या मधला तो मध्यार्जुन, असे या क्षेत्राचे स्थान परंपरेने सांगितले आहे. येथील महालिंगस्वामींच्या विस्तीर्ण मंदिराचा कारभार जवळच्या तिरुवावडुदुरै मठाकडे आहे. मराठी माणसालाही हे गाव परके नाही. १७९८ मध्ये तंजावरची गादी सोडावी लागल्यावर अमरसिंह राजे येथेच येऊन राहिले, आणि त्यांच्यामागून गवयी व कथेकरीही आले.

या कावेरीकाठी गोष्ट सांगण्याची कला फार जुनी आहे. आजची गोष्ट या गावाच्या पूर्वेकडची, जेथे कावेरी समुद्राला मिळते त्या काविरिप्पूम्पट्टिनम या प्राचीन बंदरातली आहे. ‘मणिमेखलै’ या तमिळ महाकाव्यात ती आली आहे. धान्याचा व्यापारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात्तनार कवीची ही रचना अनेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या सुमारास ठेवतात. त्यात तीस सर्ग आहेत. सोळाव्या सर्गात साधुवन नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. शस्त्र हाती नसलेल्या एका माणसाने, तारवे फुटली की त्यांतील माणसे आणि माल गिळून टाकणाऱ्या टोळीला केवळ बोलून कसे जिंकले, ते या कथेत सांगितले आहे.

साधुवन काही साधुपुरुष नव्हता. घरी आदिरै नावाची सुशील पत्नी असताना तो एका गणिकेच्या नादी लागला. द्यूतात आणि चैनीत पैसा उडाला, आणि पैसा संपताच गणिकेने त्याला दाराबाहेर काढले. मग उपरती होऊन तो व्यापाऱ्यांबरोबर गलबतावर चढला. वाटेत वादळ झाले, गलबत फुटले. मोडलेल्या डोलकाठीचा तुकडा कवटाळून तो लाटांबरोबर वाहत गेला आणि नग्न नागांच्या डोंगराळ बेटाला लागला.

त्याच गलबतावरचे काहीजण मात्र वाचून गावी परतले. साधुवन बुडाला, असे त्यांनी सांगितले. खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. दिसले नाही ते मेले, एवढाच त्यांचा हिशेब. पण ती वार्ता ऐकून आदिरैने स्मशानात चिता रचली आणि तीत प्रवेश केला. कवी सांगतो की अग्नीने तिला स्पर्श केला नाही. अंगावरची उटी सुकली नाही, केसांतले फूल कोमेजले नाही. आपल्यासारख्या पापिणीला आगही नाकारते, म्हणून ती रडू लागली. तेव्हा आकाशवाणी झाली की, तुझा पती जिवंत आहे. चंद्रदत्ताच्या तारवातून तो परत येईल. एका अफवेने तिला चितेवर नेले आणि एका खऱ्या शब्दाने परत आणले. माणसांच्या तोंडून निघालेल्या शब्दाचे हे दोन्ही गुण कवीने एकाच कथेत शेजारी शेजारी ठेवले आहेत.

इकडे साधुवन किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली थकून झोपला होता. नागांनी त्याला पाहिले. एकटाच आहे, आयते अन्न चालून आले, असे म्हणून ते त्याला जागे करू लागले. साधुवन उठला आणि त्यांच्याच भाषेत बोलला. एवढ्यानेच हात थबकले. भक्ष्य बोलत नसते. आणि जे आपल्या भाषेत बोलते ते भक्ष्य राहत नाही. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि आपल्या नायकाकडे नेले.

नायक मद्याच्या मडक्यांत आणि वाळत घातलेल्या हाडांच्या दुर्गंधीत, जोडीदारीणीसह अस्वलासारखा बसला होता. साधुवन त्याच्याजवळ बसला आणि बोलू लागला. नायकाने त्याला विचारले की, तू येथे कसा आलास? साधुवनाने घडलेले सारे सांगितले. ते ऐकून नायकाला दया आली. त्याने आपल्या माणसांना आज्ञा केली की, याला एक तरुणी द्या, हवे तेवढे मद्य आणि मांस द्या. त्याच्या जगात पाहुणचार म्हणतात तो हाच.

साधुवनाने ते नाकारले, आणि नायक संतापला. स्त्री नाही, मद्यमांस नाही, मग माणसाला जगात दुसरे सुख ते कोणते? दाखवून दे, असे त्याने दरडावले. येथे साधुवनाची खरी परीक्षा होती. त्याने सांगितले की जन्मलेला मरतो आणि मेलेला पुन्हा जन्मतो. झोपणे आणि जागे होणे यांसारखेच ते आहे. सत्कर्माने सद्गती, दुष्कर्माने नरक. नायक मोठ्याने हसला. देह सोडून गेलेला जीव दुसऱ्या ठिकाणी शिरतो तरी कसा? साधुवन रागावला नाही. त्याने ग्रंथाचा आधार दिला नाही. नायकाने रोज पाहिलेल्या गोष्टीच त्याच्यापुढे ठेवल्या. जीव आहे तोवर देहाला वेदना कळते. जीव गेल्यावर तो कापला, जाळला तरी कळत नाही. म्हणजे काहीतरी निघून गेले. जे जाते त्याला जाण्याचे ठिकाण असणारच. आणि देह येथे निजलेला असताना आपण दूरवर फिरून येतो, ते स्वप्नात कोणी अनुभवलेले नाही?

नायक त्याच्या पाया पडला. पण पाया पडूनही तो खोटे बोलला नाही. मद्य आणि मांस सोडून हा देह टिकवणे मला जमणार नाही, म्हणाला. आम्हाला झेपेल असा धर्म सांग. यावर साधुवनाने दिलेले उत्तर हा या कथेचा गाभा आहे. तारू फुटून जी माणसे तुमच्या किनाऱ्याला लागतील त्यांना मारू नका, त्यांचे प्राण वाचवा. आणि म्हातारपणाने मेलेल्यांखेरीज कोणत्याही प्राण्याची हत्या करू नका. एवढेच. हे आम्ही करू, असे नायक म्हणाला. पूर्वी फुटलेल्या तारवांतील माणसे मारून जमवलेले चंदन, अगरु, वस्त्रे आणि धन त्याने साधुवनापुढे ठेवले. ते घेऊन साधुवन चंद्रदत्ताच्या तारवातून घरी आला आणि पुढे आदिरैसह दानधर्मात राहिला. मणिमेखलैच्या अक्षय पात्रात पहिली भिक्षा घालण्याचा मान याच आदिरैला मिळाला.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला येथे वाल्या कोळ्याची आठवण होईल. नारदानेही त्या वाटमाऱ्याला उपदेशाआधी एक प्रश्नच विचारला: ज्यांच्यासाठी हे पाप करतोस ते या पापाचे वाटेकरी होतील का? मात्र दोन्ही कथांत एक फरक आहे. वाल्याला सर्वस्व सोडून वारुळात बसावे लागले. नागांचा नायक आपल्या बेटावरच, आपल्या माणसांतच राहिला. त्याने एकच गोष्ट सोडली, आणि त्या एका गोष्टीने त्या किनाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक बुडत्या माणसाचे मरण टळले.

ही काही केवळ कवीची कल्पना म्हणता येणार नाही. किनाऱ्याला लागलेले तारू किनाऱ्याच्या मालकाचे, हा दंडक कितीतरी समुद्रांवर चालत होता. मलबारातील एळीमलैच्या राज्याविषयी मार्को पोलोने तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, भलत्या ठिकाणी जाणारे गलबत तेथे आले तर ‘देवानेच पाठवले’ म्हणून लोक ते लुटीत. त्याच शतकात, १२४४ च्या सुमारास, आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथे काकतीय गणपतिदेवाने शिलालेख कोरवून व्यापाऱ्यांना अभय दिले. पूर्वीचे राजे वादळाने किनाऱ्याला लागलेल्या तारवांचा माल हिरावून घेत. आपण ठरलेल्या जकातीखेरीज काही घेणार नाही, असे त्याने जाहीर केले. साधुवनाने नायकाकडून घेतलेला शब्द कित्येक शतकांनी एका राजाने दगडावर लिहिला, असे म्हणता येईल.

ही कथा आज वाचता येते याचे श्रेयही याच भूमीला आहे. तिरुवावडुदुरै मठात शिकलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० पासून कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळ शिकवीत होते. ताडपत्रांवरून त्यांनी ‘मणिमेखलै’ची संहिता तयार केली, पण त्यातील बौद्ध परिभाषा उलगडेना. तेव्हा त्यांचे सहकारी मळूर रंगाचार्य साहाय्याला आले. शैव मठात वाढलेला पंडित आणि वैष्णव आचार्य यांनी मिळून एक बौद्ध काव्य समजून घेतले, आणि १८९८ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. दुसऱ्याची भाषा शिकण्याचा साधुवनाचा मार्ग त्यांनीही चोखाळला.

मराठी माणसे या प्रदेशात १६७६ च्या सुमारास व्यंकोजींच्या तलवारीबरोबर आली. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये संपले. पण मराठी कीर्तन मागे राहिले. तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) त्याला तमिळ मातीत रुजवले आणि त्यातून तेथील हरिकथा उभी राहिली. तलवारीने मिळवलेले गेले, आणि गोष्ट सांगून मिळवलेले राहिले.

साधुवनापाशी तरी दुसरे काय होते? एक मोडकी डोलकाठी, परक्यांची शिकलेली भाषा, आणि समोरच्याला झेपेल तेवढेच मागण्याचा विवेक. त्या बेटावर मद्याची मडकी तशीच राहिली. मात्र लाटांनी किनाऱ्यावर टाकलेल्या माणसाला तेथे आता कोणी मारणार नव्हते.