काकाजींची 105 आणि आजीचा फोटो

मागच्या भागात बोलता बोलता फिल्म कॅमेऱ्याचा विषय निघाला, आणि मग मेसेज आले. घरात जुनी लेन्स पडली आहे, वापरता येईल का? आत जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, ते काय असतं? सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकाच लेन्सची गोष्ट सांगतो. त्यात मी केलेला घोळही आहे, तो लपवणार नाही.

लेन्स आहे निकॉर 105 मिलिमीटर, एफ/2.5. बडनेऱ्याला नव्या वस्तीत माझे काकाजी लग्नाचे फोटो काढायचे. निकॉन एफएम2 आणि ही लेन्स त्यांचीच. डिजिटल आलं तसं दोन्ही चामड्याच्या केसमध्ये घालून भिंतीतल्या कपाटात गेलं, आणि ते कपाट नेमकं न्हाणीच्या भिंतीला लागून. पंधराएक वर्षं कुणी हात लावला नाही. मी मागितली तेव्हा काकाजी म्हणाले, "घेऊन जा गा, पण पाहून घेजो. लेन्सले मोतीबिंदू झाला असन."

या लेन्सचं नाव का आहे, ते थोडक्यात. 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, जून 1985 च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो आला. कॅमेरा एफएम2, लेन्स हीच 105. कुठली लेन्स, कुठली फिल्म हे फोटोवाल्यांना तोंडपाठ होतं. त्या मुलीचं नाव शरबत गुला, हे मात्र जगाला 2002 मध्ये कळलं. मला ही गोष्ट जरा खटकते, म्हणून सांगितली.

आता 105 च का? मोबाइलने कुणाचा चेहरा जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात ना, तो दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. तुम्ही फार जवळ उभे असता. 105 लावली की दीड मीटर लांब उभं राहूनही उभ्या फ्रेममध्ये साधारण अर्धा मीटर उंची मावते, म्हणजे डोकं आणि खांदे. चेहरा आहे तसा येतो. आणि समोरचा माणूस अवघडत नाही, हे जास्त महत्त्वाचं.

पण त्याच अंतरावर एफ/2.5 ठेवलं तर जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तीन सेंटीमीटर! डोळा फोकसमध्ये असेल तर कान गेला. म्हातारं माणूस बसल्या जागी किती डुलतं, हे मला पहिला रोल धुतल्यावर कळलं. ऑटोफोकस नाही, हाताने रिंग फिरवायची, तोवर समोरचा श्वास घेऊन पुढे सरकलेला असतो. आता मी एफ/4 च्या खाली जात नाही. शटर 1/125, त्याहून हळू नको. 105 ची लेन्स आहे, हात हलला की दिसतो.

बरं, मोतीबिंदू. रात्री दिवा घालवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसेल, ती सोडून द्या, प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते. बारीक मुळ्यांसारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे लोकांना वाटतं, वऱ्हाड कोरडं, इथे कसली बुरशी? पण जुलै ते सप्टेंबर पुरेसे असतात. हवेतली आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि वारा नसला की तिचं भागतं. चामड्याची केस ओल धरून ठेवते, म्हणजे आपण जपून ठेवतो म्हणतो तीच जागा तिला हवी असते.

व्हिडिओत सांगतात, लेन्स उन्हात ठेवा, बुरशी मरते. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जातं हो! फोकस रिंगच्या आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं, पाती चिकटायला लागतात, आणि मग एफ/8 ठेवलं तरी शटर उघडेपर्यंत ती पूर्ण बंद होत नाहीत. फोटो पांढराफटक. लेन्सच्या मागची छोटी दांडी बोटाने सरकवून सोडा. पाती झटकन हलली पाहिजेत. आळसावली तर समजा तेल आलंय. शिवाय बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ऊन काय, काहीच ते परत आणत नाही.

मग ठेवायची कशात? झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रता मीटर. काटा 40 ते 50 मध्ये राहू द्या. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. जेल नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या कढईत भाजायची वस्तू नाही. कॅमेरा बराच काळ वापरणार नसाल तर एफएम2 च्या दोन बटन सेल काढून ठेवा. त्या फक्त लाइट मीटरला लागतात, शटर त्यांच्याशिवायही चालतं. आणि महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, निदान रिंग तरी फिरवा.

आता माझा घोळ. बुरशी होती पुढच्या भिंगाच्या आत, कडेला, दोन-तीन धागे. तेवढ्याने फोटोत काहीच फरक पडत नाही. उजेड समोरून आला तर थोडा धूसरपणा येतो, बस. काकाजी म्हणालेही, "राहू दे, कायले खोलतं?" पण मी पडलो इंजिनिअर. भिंगाचा पुढचा भाग काढला, पुसलं, तिथेच थांबायचं होतं. पण रिंग जड वाटत होती, म्हणून ग्रीसही बदलू म्हटलं. स्क्रू जपानी पद्धतीचे, आपला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, दोन डोकी तिथेच खराब झाली. मग आत एकमेकांत फिरणारे आटे असतात, ते सुटे केले. या आट्यांना सुरू व्हायच्या जागा अनेक असतात. सुटताना नेमके कुठे सुटले त्याची खूण करायची असते. मी केली नाही. बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर हात घातला म्हणा ना.

परत जोडली तर लेन्स लांबचं दाखवेना. गच्चीवरून पाण्याची टाकी धूसर, चंद्र म्हणजे ढब्बू. आटे चुकीच्या जागी लागल्याने भिंगं नेहमीपेक्षा पुढे राहिली होती. दोन शनिवार खटपट केली, नाही जमलं. काकाजींना दाखवली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, माझ्याकडे वळवला, रिंग फिरवली. "जवळचं तं दिसते न बे," एवढंच म्हणाले.

खरंच दिसत होतं. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे रिंगवरचे आकडे खोटे असले तरी पडद्यावर स्पष्ट दिसलं की फिल्मवरही स्पष्ट येतं. दोन मीटरच्या आतली माणसं, तेवढं तिला अजून जमतं.

आणि मला हवं होतं तेही तेवढंच. आमच्या घरी आजोबांचा जो फोटो भिंतीवर आहे, तो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला आहे. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात आहे. आजीला त्याचा राग. ती मला कितीदा म्हणाली असेल, "माहा तरी धड काढ बाप्पा, आतापासूनच काढून ठेव."

सकाळी ओसरीत बसवली, उजेड दारातून, बाजूने. काळापांढरा 400 चा रोल, नऊ फ्रेम. रोल घरीच धुतला. डेव्हलपरला 20 अंश लागतात आणि मे महिन्यात आमचा नळ जवळजवळ चहाचं पाणी देतो, त्यामुळे बादलीत बर्फ टाकून थर्मामीटर घेऊन बसलो होतो. नऊपैकी चार नीट आले. त्यातला एक अगदी मला हवा तसा, पापण्यांचा केस न् केस मोजता येईल असा.

आजीने तो बाजूला ठेवला. तिने घेतला सातवा. काकाजी मागून काहीतरी बोलले होते आणि ती हसताना पुढे झुकली होती. फोकस पदरावर आहे, डोळे मऊ आले आहेत. मी सांगून पाहिलं, हा चुकलाय. ती म्हणे, "चुकला तं चुकला. याच्यात मी हासतो हाय."

तिला तो लगेच भिंतीवर हवा होता, आजोबांच्या शेजारी. मेल्यावर मले कोण दाखवन, म्हणे. आई ऐकेना, जिवंत माणसाचा फोटो त्या रांगेत नको. सध्या तो टीव्हीच्या बाजूला आहे.

लेन्स अजून तशीच आहे. पुढच्या महिन्यात ती ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवणार आहे. काय झालं ते सांगेन. तोवर तुमच्या घरातल्या कपाटात टॉर्च मारून बघा, आणि काय सापडलं ते मेसेज करा.