मिखाइल ताल आणि त्याचा घोडा

देवळाच्या ओवरीत बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली मंडळी आपण पाहिली असतील. एखाद्याचा घोडा फुकट मारला गेला की भोवतालचे बघे चुकचुकतात आणि 'गेला डाव' म्हणून मोकळे होतात. आज ज्याच्याविषयी सांगायचे आहे, तो मिखाइल ताल मात्र असा घोडा आपण होऊन पुढे करी. आणि हळहळण्याची पाळी घोडा घेणाऱ्यावर येई.

बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हिया देशात, रीगा शहरी, ९ नोव्हेंबर १९३६ रोजी त्याचा जन्म झाला. हा देश १९४० साली सोव्हिएट संघात गेला, म्हणून ताल सोव्हिएट खेळाडू म्हणून प्रसिद्धीस आला. वडील डॉक्टर, त्यांचा खेळ पाहून पोर शिकले. उजव्या हाताला जन्मतः तीनच बोटे, तरी गडी पियानोसुद्धा वाजवी! शिक्षक मंडळींना ऐकून बरे वाटेल, की विद्यापीठात त्याने साहित्याचा अभ्यास केला आणि इल्फ व पेत्रोव्ह या विनोदी लेखकांच्या उपरोधावर प्रबंध लिहिला. विसाव्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, तो सोव्हिएट संघाचा विजेता झाला. लागोपाठ दुसऱ्या वर्षीही झाला.

१९६० साली मॉस्कोत जगज्जेतेपदाचा सामना झाला. समोर बोटविनिक, पेशाने विद्युत इंजिनियर, खेळही तसाच मोजूनमापून. सहाव्या डावात एकविसाव्या खेळीला तालने आपला काळा घोडा पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. प्याद्याने घोडा घेतला, तालने त्या प्याद्याचा समाचार घेतला, आणि मागे कोंडलेला त्याचा उंट एकदम मोकळा झाला. प्रेक्षागृहात असा गलबला उडाला की दोघांना मागच्या खोलीत नेऊन डाव पुरा करावा लागला. डाव तालने जिंकला.

आता गंमत ऐका. पुढे जाणत्यांनी सावकाश तपासले, तेव्हा पांढऱ्याला त्यातून सुटायची, किंबहुना वरचढ व्हायची वाट होती असे दिसले. मग बोटविनिकना ती का सापडली नाही? अहो, घरी बसून शोधणे निराळे! तिथे पहिल्या चाळीस खेळ्यांना अडीच तास, शेजारी घड्याळाची टिकटिक, आणि समोर टक लावून बसलेला ताल. घोडा देऊन तो समोरच्याला अडचणीचा प्रश्न घालीत असे. उत्तर असेलही, ते वेळेत सापडले पाहिजे ना!

स्वतः तरी तो सगळे मोजत असे का? त्यानेच सांगितलेली हकीकत आहे. वास्युकोव्हशी खेळताना घोडा द्यावा की नाही या विचारात असता त्याला मुलांच्या कवितेतला पाणघोडा आठवला. चिखलात रुतलेला पाणघोडा बाहेर कसा काढावा? दोरशिडी, हेलिकॉप्टर, सगळे मनात योजून झाले. शेवटी 'बुडेना का!' म्हणून त्याने तो नाद सोडला आणि घोडा देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले, की तालने चाळीस मिनिटे अचूक हिशेब करून घोडा दिला!

मॉस्कोचा सामना त्याने साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकला. वय तेवीस, इतका तरुण जगज्जेता तोवर झाला नव्हता. पण वर्षातच परतीचा सामना आला. बोटविनिक अभ्यास करून आले होते. गुंतागुंत टाळून, वजिरा-वजिरी करून ते डाव साध्या वळणावर नेऊ लागले. तालची प्रकृतीही ठीक नव्हती. तेरा-आठ असा तो हरला आणि जगज्जेतेपद त्याला पुन्हा कधी मिळाले नाही.

मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्याला जन्मभर छळले. १९६९ साली एक मूत्रपिंड काढावे लागले. पुष्कळजण त्याला उधळ्या खेळाडू समजतात. मला हे पटत नाही. १९७३-७४ मध्ये हाच ताल ओळीने ९५ डाव हरला नाही. उधळ्याला हे कसे जमावे?

मे १९९२. मॉस्कोत झटपट डावांची स्पर्धा होती आणि ताल रुग्णालयात होता. तिथून उठून तो खेळायला गेला, आणि त्या वेळचा जगज्जेता कास्पारोव्ह याच्यावर त्याने एक डाव केला. २८ जूनला तो वारला. छप्पन्नावे वर्ष चालू होते.