वृत्तपत्राला जाब विचारणारा वाचक



वृत्तपत्रांवर लोकांचा विश्वास उरलेला नाही, ही तक्रार प्रत्येक पिढीत ऐकू येते. आणि ती आपल्याच काळात प्रथम उत्पन्न झाली, असेही प्रत्येक पिढीला वाटत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. वृत्तपत्र जितके जुने, तितकाच त्याचा टीकाकारही जुना आहे. आणि पुष्कळदा कालच्या टीकाकारानेच आजचे वृत्तपत्र काढलेले आहे. चेन्नई, म्हणजे पूर्वीचे मद्रास, हे शहर या गोष्टीचे ठळक उदाहरण होय. तेथील वृत्तपत्रांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे वृत्तपत्रावरील जाहीर टीका ही विश्वासाची शत्रू नसून पुष्कळदा त्याची जननी असते, हे ध्यानात येते. मात्र सर्व टीका एका जातीची नसते. तिच्यातील भेद ओळखता येणे ही आजच्या वाचकाची खरी गरज आहे.

१८७८ साली टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. त्या न्यायालयात हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. शहरातील प्रमुख वृत्तपत्रे त्या वेळी इंग्रजांच्या हाती होती, आणि या नेमणुकीवर त्यांनी टीकेची झोड उठविली. त्यांना उत्तर देण्यास भारतीयांजवळ स्वतःचे पत्र नव्हते. तेव्हा ट्रिप्लिकेन भागातील एका साहित्यमंडळात जमणाऱ्या सहा तरुणांनी स्वतःच पत्र काढण्याचे ठरविले. त्यांतील जी. सुब्रह्मण्य अय्यर व एम. वीरराघवाचारियर हे शिक्षक होते, तर उरलेले चौघे कायद्याचे विद्यार्थी. एक रुपया बारा आणे कर्जाऊ घेऊन त्यांनी मिंट स्ट्रीटवरील एका छापखान्यात ८० प्रती छापून घेतल्या. २० सप्टेंबर १८७८ रोजी निघालेल्या त्या साप्ताहिकाचे नाव होते 'द हिंदू'.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या सहा तरुणांचा प्रस्थापित वृत्तपत्रांवर विश्वास नव्हता, परंतु वृत्तपत्र या संस्थेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. छापील मजकुराला त्यांनी छापील मजकुरानेच उत्तर दिले, आणि तेही उघडपणे, स्वतःच्या जबाबदारीवर. लोकमताला वाचा फोडणे एवढेच पत्राचे काम नसून लोकमत घडविणे हेही त्याचे काम आहे, अशी भूमिका त्यांनी पहिल्याच अंकात मांडली. ज्याला लोकमत घडवावयाचे आहे त्याला लोकांचे ऐकावेही लागते, हे ओघानेच आले.

याच सुमारास पुण्यातही असाच उद्योग आरंभिला गेला होता. १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्यावर कसोटीचा प्रसंग आला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधी या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर कडक टीका केली. टीकेला आधार म्हणून जी पत्रे पुढे करण्यात आली होती ती न्यायालयात बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. सुटका झाल्यावर लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. या स्वागताचे कारण केवळ देशभक्तीच्या भावनेत शोधणे पुरेसे नाही. संपादकांनी चूक लपविली नव्हती, दुसऱ्या कोणावर ढकलली नव्हती आणि तिची किंमत स्वतः मोजली होती. वाचक चुकीला क्षमा करू शकतो. त्याला क्षमा करता येत नाही ती लपवाछपवीला.

आता पुन्हा मद्रासकडे वळावयाचे. 'द हिंदू' १८८३ साली आठवड्यातून तीनदा निघू लागला आणि त्याच वर्षी माउंट रोडवर स्थलांतरित झाला. १८८९ च्या १ एप्रिलपासून त्याचे दैनिक झाले. सुब्रह्मण्य अय्यर १८९८ साली पत्रापासून दूर झाले, आणि १९०५ साली वकील एस. कस्तुरी रंगा अय्यंगार यांनी ते विकत घेतले. कालांतराने या पत्राचा दरारा एवढा वाढला की 'माउंट रोडचा महाविष्णू' असे त्याला लोक म्हणू लागले. या नावात आदर आहे तसा एक चिमटाही आहे. महाविष्णूला कोणी जाब विचारीत नाही. प्रस्थापितांवर टीका करण्यासाठी जन्मलेले पत्र आता स्वतःच प्रस्थापित झाले होते, आणि ज्या प्रश्नाने त्याचा जन्म झाला तोच प्रश्न आता त्याला विचारला जाणे क्रमप्राप्त होते.

तो प्रसंग १९८९ साली आला. बोफोर्स तोफांच्या व्यवहारातील दलालीसंबंधीची कागदपत्रे 'द हिंदू'ने प्रसिद्ध केली होती. हे काम चित्रा सुब्रह्मण्यम व एन. राम यांचे होते, आणि त्यामुळे पत्राची प्रतिष्ठा देशभर वाढली होती. परंतु त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, लोकसभेची निवडणूक तोंडावर आली असताना, संपादक जी. कस्तुरी यांनी या मालिकेतील पुढील मजकुराचे प्रकाशन थांबविले. राम हे पत्राच्या संपादकवर्गातील आणि मालक-कुटुंबातीलही होते. त्यांनी या निर्णयाविरुद्ध आपले मत उघडपणे मांडले. पुढची कागदपत्रे इतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. घरातला वाद चव्हाट्यावर आणणे शिष्टसंमत नव्हे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. परंतु वृत्तपत्राचे घर हे खाजगी घर नसते. त्यात काय छापले गेले आणि काय छापले गेले नाही, हे जाणण्याचा अधिकार वाचकाला पोहोचतो.

पुढे २००३ साली राम हे याच पत्राचे मुख्य संपादक झाले आणि २००६ साली पत्राने 'वाचकांचा संपादक' हे नवे पद निर्माण करून त्यावर के. नारायणन या अनुभवी पत्रकाराची नेमणूक केली. वाचकांच्या तक्रारी स्वीकारणे, संबंधित बातमीदाराकडून खुलासा मागविणे, चूक आढळल्यास ठरलेल्या जागी दुरुस्ती छापणे आणि स्वतःच्या स्तंभातून पत्राच्या कामाची चिकित्सा करणे, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. ही कल्पना जगाला नवी नव्हती. जपानच्या 'आसाही शिंबून'ने १९२२ सालीच वाचकांच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती नेमली होती. अमेरिकेतील लुईव्हिल येथील पत्रांनी १९६७ साली, तर लंडनच्या 'गार्डियन'ने १९९७ साली असे पद निर्माण केले. भारतात मात्र ही गोष्ट विरळाच होती आणि आजही आहे.

दररोज स्वतःच्या चुका छापणाऱ्या पत्रावरील विश्वास कमी होईल, अशी शंका सहजच मनात येते. अनेक संपादकांनी याच भीतीने दुरुस्त्या आतल्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात छापल्या, किंवा मुळीच छापल्या नाहीत. परंतु ही भीती चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. वृत्तपत्र चुकते हे वाचकाला ठाऊकच असते. आपल्या गावाची, आपल्या व्यवसायाची किंवा आपल्या ओळखीच्या माणसाची बातमी वाचताना त्याला चूक तत्काळ दिसते. चूक कळल्यावर पत्र काय करते, एवढेच त्याला पाहावयाचे असते. ज्या बाबतीत त्याला स्वतःला काही ठाऊक नाही तेथे पत्रावर कितपत विसंबावे, हे तो यावरूनच ठरवितो.

येथवर ज्या टीकेचा विचार केला ती वाचकाची, प्रतिस्पर्ध्याची किंवा सहकाऱ्याची टीका होती. वृत्तपत्राला विरोध करण्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो स्वतःला टीका म्हणवून घेत असला तरी टीका नव्हे. १९८७ साली 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदार व मंत्री यांच्यावर विनोद करणारे एक व्यंगचित्र छापले गेले. त्याबद्दल तमिळनाडू विधानसभेने हक्कभंगाच्या आरोपाखाली संपादक एस. बालसुब्रह्मण्यम यांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा फर्मावली. जागोजाग निषेध झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांची सुटका करावी लागली. ७ नोव्हेंबर २००३ रोजी त्याच सभागृहाने मुख्यमंत्र्यांच्या भाषणांविषयीचे वृत्तांत व एक अग्रलेख यांवरून 'द हिंदू'च्या पाच जणांना, आणि तो अग्रलेख तमिळमध्ये छापल्याबद्दल 'मुरसोली'च्या संपादकांना, पंधरा दिवसांच्या साध्या कैदेची शिक्षा दिली. पोलीस अटकेसाठी पत्राच्या कार्यालयात शिरले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षेला स्थगिती दिली.

वाचकाची टीका आणि सत्तेची शिक्षा यांतील अंतर या प्रसंगांवरून स्पष्ट व्हावे. टीकाकार म्हणतो, 'हे विधान चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा हा.' शिक्षा देणारा म्हणतो, 'हे विधान करावयाचेच नव्हते.' पहिल्यास उत्तर देता येते. दुसऱ्यापुढे केवळ मान तुकवावी लागते किंवा न्यायालयात जावे लागते. वृत्तपत्रांवरील लोकांच्या रागाचा लाभ सत्ताधारी आपल्यासाठी करून घेऊ पाहतात, तेव्हा हे अंतर पुसले जाते. म्हणून वृत्तपत्रावर रागावलेल्या वाचकाने आपला राग कोणाच्या कामी येत आहे, हेही तपासून पाहावे.

या दोहोंच्या मधली वाट म्हणून भारतात १९६६ साली प्रेस कौन्सिल स्थापन झाले. न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हे त्याचे पहिले अध्यक्ष. आणीबाणीत ते बरखास्त करण्यात आले आणि १९७८ च्या कायद्याने त्याची पुनःस्थापना झाली. चौकशी करून वृत्तपत्राला इशारा देणे, समज देणे किंवा त्याचा निषेध करणे, एवढाच त्याला अधिकार आहे. दंड वा कैद त्याच्या हाती नाही. त्याचे बळ सारे नैतिक आहे, आणि नैतिक बळ स्वतःच्या व्यवहारावर अवलंबून असते.

याची प्रचीती महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात आली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा गौरव करणारा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः एकसारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी हे चेन्नईच्या 'द हिंदू'मधून उघडकीस आणले. पैसे देऊन छापून घेतलेल्या जाहिरातीला बातमीचा वेष चढविला जातो, हा आरोप त्यामुळे देशभर चर्चिला गेला. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोघा सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली सविस्तर अहवाल सिद्ध केला. परंतु कौन्सिलने तो संपूर्ण प्रसिद्ध न करता त्याचा संक्षेप स्वीकारला. मूळ अहवाल उघड करण्यासाठी २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला. वृत्तपत्रांची चूक दाखविणारा अहवाल वृत्तपत्रांच्याच न्यायपीठाने झाकून ठेवावा, यापरता विश्वासाला तडा देणारा प्रकार दुसरा कोणता असेल? तथापि याच प्रकरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. वृत्तपत्रांचा हा दोष अखेर एका वृत्तपत्रानेच, अंकांतील मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिला होता.

आज बातमी कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून प्रत्येकाच्या तळहातावर आली आहे. टीका करणेही त्यामुळे सोपे झाले आहे. यात लाभ आहेच. पूर्वी संपादकाच्या टोपलीत पडणारे पत्र आज हजारो लोक वाचू शकतात. परंतु टीका जितकी सोपी झाली तितकी ती सरसकटही झाली. 'सगळी वृत्तपत्रे विकली गेली आहेत' हे वाक्य ऐकावयास धाडसी वाटते; प्रत्यक्षात ते काही वाचण्याचे, पडताळण्याचे आणि निवड करण्याचे श्रम वाचविणारे वाक्य आहे. त्याने अप्रामाणिक पत्राचे काहीही बिघडत नाही, कारण प्रामाणिक पत्रालाही त्याच्याच रांगेत बसविलेले असते. ज्याचा कशावरच विश्वास नाही तो माणूस सावध असतोच असे नाही. पुष्कळदा आपल्या मनासारखे बोलणाऱ्या पहिल्या माणसावर तोच विश्वास टाकतो.

यावर उपाय वाचकाच्या हाती आहे आणि तो फार अवघड नाही. एकाच घटनेची बातमी दोन पत्रांत वाचावी. बातमी कोणी दिली आणि ती कशाच्या आधारे दिली, हे पाहावे. बातमी आणि जाहिरात यांतील सीमा पत्र पाळते की नाही, यावर लक्ष ठेवावे. चूक आढळली तर तारीख, पान व मजकूर नमूद करून संपादकांना कळवावे, आणि दुरुस्ती छापली जाते की नाही हे पाहावे. छापली गेली तर त्या पत्राला एक गुण अधिक द्यावा, उणा करू नये. छापली गेली नाही तर ते चारचौघांत सांगावे. १८७८ साली उत्तर देण्यासाठी सहा तरुणांना एक रुपया बारा आणे कर्ज काढून छापखाना गाठावा लागला. आज त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही; मात्र आपल्या शब्दांची जबाबदारी त्यांच्याप्रमाणे स्वतःच्या नावाने घ्यावी लागते, आणि त्या बाबतीत कोणतीही सवलत मिळालेली नाही.